दुखऱ्या हाडाची बाजू

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

तुझा राखाडी स्वेटर माझ्या कपाटात सापडला. धुऊन, सावलीत वाळवून या पत्राबरोबर पाठवते आहे. कोपरावरचं भोक रफू केलं आहे. दोरा जरा गडद लागला, पण हात वाकवल्याशिवाय दिसणार नाही.

पत्र बघून तुला हसू येईल. पण तू आम्हा सगळ्यांचे फोन बंद करून ठेवलेस, त्यात माझाही आला. तक्रार करत नाही. मला पत्रांची सवय आहे. शाळेत मदर आम्हाला दर शुक्रवारी घरी पत्र लिहायला लावायच्या आणि जिचं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं, तिचीही त्यातून सुटका नव्हती. ती मुलगी मी. माझी आई गच्चीवरून मला पत्र लिहिताना बघायची आणि संध्याकाळी घरी गेले की विचारायची, "काय गं, काय लिहिलंस मला?"

तू ताईकडे आहेस हे कळलं आणि जीव खाली पडला. सख्खी मोठी बहीण म्हणजे निम्मी आईच. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जिना चढताना कंबर दुखते का गं अजून? ते हाड म्हणते मी. शाळेत लांब उडी मारताना ज्याचा तुकडा सुटला आणि मग वेडावाकडा जुळला, ते. थंडीत तू त्याच्यावर हात ठेवून चढायचीस. कुठली बाजू ती? उजवी ना? की डावी?

म्हातारीला आपलं आठवलं, दुसरं काही नाही. पण एवढं मला कळव. माझ्याशी बोलावंसं वाटत नसेल तर ताईपाशी सांग. एका शब्दाचं उत्तर आहे, पोरी. विसरू नकोस.

तुझी,
आई

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

स्वेटर पोचल्याची पावती आली. उत्तर नाही आलं. म्हणून काल ताईला फोन केला. तिने तुला सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "काय सासूबाई, आता कसला फोटो हवाय?"

मी म्हटलं, "फोटो नको गं. तिच्या कमरेचं दुखरं हाड कुठल्या बाजूला आहे, तेवढं विचारून सांग."

"का? तेही ग्रुपवर टाकायचंय?"

"नाही."

"मग? कोणत्या वैद्याला दाखवायचंय? की आत्याबाईंनी विचारलंय?"

ताई थांबली, वाट बघितली आणि फोन ठेवला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या पोटाच्या आतला एक्स-रे, जो तू स्वतःही नीट बघितला नव्हतास, तो माझ्या मुलाने रिपोर्टसकट घरच्या ग्रुपवर टाकला. "सगळ्यांनी धीर द्यावा म्हणून टाकला," म्हणे. आणि सगळ्यांनी दिला की! आत्याबाईंनी डोंगरावरची हवा सुचवली. कोणी फुलांचा गुच्छ पाठवला. एका चुलत दिराने अंगठा दाखवला. कशाला दाखवला ते त्यालाच ठाऊक. तू जेवणाच्या टेबलावर मोबाईल पालथा ठेवलास, वाटीतलं संपवलंस, ताट धुतलंस आणि बॅग भरायला घेतलीस. मी दारात उभी होते. ताट धुतलंस ते मला अजून जास्त लागतं.

मी तो फोटो तेव्हा उघडला नव्हता. एवढं मानशील तर मान.

आज सकाळी तुझ्या नवऱ्याकडून कळलं की ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे; दवाखान्याचे निरोप अजून त्याच्याच फोनवर येतात. डावी नळी काढणार आहेत. तिच्यात पाणी भरलं आहे, ते पाणी गर्भाशयात उतरतं आणि मूल रुजू देत नाही, म्हणून ती काढायची आणि दुसरीच्या भरवशावर राहायचं. हे सगळं तो मला असं सांगत होता जसं काही गाडीचं चाक बदलायचंय. मी त्याला विचारलं, "तिचं दुखरं हाड कुठल्या बाजूचं रे?" सहा वर्षं संसार केला त्याने. डोकं खाजवलं आणि म्हणाला, "कुठलं हाड?"

बाळा, ऑपरेशनच्या आधी मला ही बाजू कळलीच पाहिजे. का ते विचारू नकोस. म्हणजे, विचार हवं तर, पण आधी सांग.

आई

रविवार, ९ फेब्रुवारी

सूनबाई,

आता सरळ लिहिते. आडून आडून लिहिण्यात मी आठवडा घालवला, आणि तो माझा नव्हता, तुझा होता.

स्वेटर कपाटात नव्हता. कपाटामागे पडला होता, एक्स-रेच्या मोठ्या लिफाफ्यावर. तू सेंटरमधून आणलेला लिफाफा. दुसरी प्रत तुझ्या डॉक्टरांकडे गेली, ही इथे राहिली. मी तो उघडला. हक्क नव्हता. तुझ्या नवऱ्याने जे केलं त्यानंतर तर मुळीच नव्हता. पण जिचा सगळा जन्म एक्स-रेच्या खोलीत गेला तिच्या हातात फिल्म आली की हात आपोआप खिडकीकडे जातो. मी ती उजेडात धरली आणि मग मला खाली बसावं लागलं.

मी काय बघितलं ते सांगते. रागाने फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

नळ्या दिसाव्यात म्हणून गर्भाशयात रंग सोडतात, तो सोडायच्या आधी ते एक साधा फोटो काढतात. त्यात कमरेची दोन्ही हाडं येतात. मग रंग सोडल्यावरचे फोटो, त्यांतही हाडं दिसतातच. मधे गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण आणि दोन्हीकडे दोन नळ्या. एका बाजूची नळी केसासारखी बारीक, आणि तिच्या टोकाशी रंग धुरासारखा मोकळा पसरलेला. ही चांगली नळी. दुसऱ्या बाजूची फुगून पिशवीसारखी झालेली आणि रंग आत कोंडलेला. ही वाईट. फुगलेल्या बाजूला इंग्रजी एल हे अक्षर आहे. म्हणजे डावी. रिपोर्टही तेच म्हणतो.

पण त्याच बाजूला, त्याच एलच्या वर, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला एक टेंगूळ आहे. जुना सुटलेला तुकडा वेडावाकडा जुळल्याचं. ते टेंगूळ मी ओळखते. तीन हिवाळे मी त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी धरली आहे.

आणि माझ्या आठवणीप्रमाणे ते उजवीकडे आहे.

कळलं तुला मी काय म्हणते ते? ज्या बाजूला तुझं हाड, त्याच बाजूची नळी खराब आहे. यात वाद नाही, दोन्ही एकाच फोटोत दिसतात. हाड जर उजवीकडचं असेल, तर फोटो आरशात बघावा तसा उलटा निघाला आहे आणि एल चुकीच्या बाजूला पडला आहे. मग गुरुवारी ते तुझी चांगली नळी काढतील.

असं कसं होईल, म्हणशील. होतं. आमच्या वेळी शिशाची अक्षरं असायची, बोटाच्या पेराएवढी. ती पेशंटच्या शेजारी टेबलावर ठेवूनच फोटो काढायचा, म्हणजे अक्षर हाडांबरोबर फिल्मवर उमटायचं. मिशनच्या दवाखान्यात मला ज्यांनी शिकवलं त्या सिस्टर म्हणायच्या, आधी पेशंटचा हात हातात घे, मग अक्षर ठेव. डावा हात धरायचा, म्हणायचं "हा डावा", पेशंटने "हो" म्हणायचं, मग एल. आम्ही मुली हसायचो. बायकांना वाटायचं, किती प्रेमळ आहेत या, हात धरतात. प्रेमबीम काही नव्हतं, बाजू चुकू नये म्हणून होतं. पण खरं सांगू का, हात धरला की प्रेमही थोडं व्हायचंच.

आता फोटो पडद्यावर येतो. एक कळ दाबली की उलटा होतो, दुसरी दाबली की सुलटा, आणि अक्षर नंतर टाइप करतात. तुझ्या फिल्मवरचा एल टाइप केलेला आहे. कोणी घाईत असेल, कोणाचा डबा उघडा असेल. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याने हात धरला नाही, एवढंच.

तू म्हणशील, डॉक्टर पोटात कॅमेरा घालणार आहेत, त्यांना दिसेलच. दिसेल. पण तुला लहानपणी अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. सोनोग्राफीवाल्यांनी लिहिलंच आहे की आतलं सगळं एकमेकांना चिकटलंय, बाजू स्पष्ट दिसत नाही. जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे माणूस कागदावर लिहिलेलं बघतो.

आता माझी भीती सांगते. माझी आठवण चुकत असेल तर? तू माझ्या पलंगावर पालथी झोपायचीस, मी खिडकीकडे बसायचे. पण पलंग तेव्हा भिंतीला होता की मधे? परवा दुपारी मी स्वतः पालथी पडून बघितलं. मग कूस बदलली. मग उशी पायाशी नेऊन पुन्हा पडले. तेवढ्यात तुझा नवरा आत आला.

"आई, काय करतेयस?"

"विचार करतेय."

"पालथी पडून?"

"सुलटं पडून सुचत नाही."

मग त्याला सगळं सांगितलं. पांढराफटक पडला. पण म्हणाला, "मोठं सेंटर आहे आई, असं नाही होत. आणि मी पुन्हा यात तोंड घातलं तर ती मला कोर्टातच भेटेल." मी म्हटलं, "तोंड तू घातलंस ते नको तिथे. आता हवंय तिथे शिवलंयस."

काल मी स्वतः तुझ्या दवाखान्यात गेले. काउंटरवर चुणचुणीत मुलगी होती. म्हणाली, "पेशंटबद्दल आम्ही कोणालाही काही सांगत नाही, आजी."

"सांगू नकोस. माझं ऐकून घे."

"पेशंटने स्वतः यायला हवं. तुम्ही तिच्या कोण?"

"सासू."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं रोज अशा सासवा येत असाव्यात! घरच्यांनी जे पाळलं नाही ते त्या परक्या मुलीने पाळलं. तिचा राग आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं.

म्हणून आता फक्त तू उरलीस. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. मला माफ करायची नाही, घरी यायची नाही. जिथे बसली आहेस तिथेच कमरेवर हात ठेव. टेंगूळ लागेल. तो हात कुठला ते बघ.

हे मी कशासाठी करते असा तुला संशय येईल. मलाही आला. नातवंड हवं होतं का? होतं. झोपेत हवं होतं, जागेपणी हवं होतं. त्या हावेने मी हे लिहीत नाही, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. पण नळी तुझी आहे, माझी नाही, एवढं मला आज कळतं.

पोस्टावर भरवसा नाही. हे पत्र मी स्वतः घेऊन येते आणि दाराखालून आत सरकवते. बेल वाजवणार नाही.

आई

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पोरी,

काल तुझा फोन आला. नाव उमटलं तेव्हा हातात कणिक होती, फोन कणकेनेच उचलला. तू "हॅलो"सुद्धा म्हणाली नाहीस. म्हणालीस, "उजवी." आणि फोन ठेवलास.

मी परत केला, लागला नाही. म्हणजे बंदच आहे अजून. असू दे.

कणिक तशीच वाळून गेली. माझी आठवण खरी निघाली याचा आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. कालपर्यंत मी एक वेडी म्हातारी असण्याची शक्यता होती, आणि ती शक्यता फार बरी होती गं.

तू डॉक्टरांकडे गेलीस का? जाणार आहेस का? की तुला वाटलं, उत्तर दिलं, म्हातारीची कटकट संपली? "उजवी" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज घाबरलेला होता की नुसता तुटक, ते मी दिवसभर आठवते आहे. एका शब्दात किती ऐकणार माणूस!

जा. आजच जा. सासूने सांगितलं असं म्हणू नकोस, ते हसतील आणि तूही बिचकशील. माझ्याकडच्या फिल्मबद्दल काही बोलूच नकोस. त्यांची प्रत पडद्यावर लावायला सांग, त्यांच्या समोर उभी राहा, त्यांचा हात धरून आपल्या हाडावर ठेव आणि विचार, "हे इथे डावीकडे का दिसतंय?" संकोच करू नकोस. लाजून गप्प बसायला आपल्याला फार लवकर शिकवतात, आणि पोटातलं सगळं त्या लाजेखाली झाकून जातं. मग म्हण, "पुन्हा सोनोग्राफी करा. तोवर मी टेबलावर चढणार नाही."

चिडतील. चिडू देत. डॉक्टर चिडल्याने कोणाची नळी जात नाही.

हेही पत्र दाराखालून. या वेळी आतून पावलांचा आवाज आला तर मी पळून जाणार नाही, जिन्यात उभी राहीन.

आई

सोमवार, १७ फेब्रुवारी

पोरी,

तू जिथे होतीस ते तुला सांगायला नको. जिथे नव्हतीस तेवढंच लिहिते.

बुधवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, "सासूबाई, बसलात का? बसा." मग तिलाच रडू फुटलं, आणि बराच वेळ मला कळेना की कोणती बातमी आहे. तेवढ्यात मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "उजवीच निघाली. दोनदा करून बघितली सोनोग्राफी. डॉक्टर स्वतः बसले होते." मग नाक ओढत म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी फोनवर सरळ का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तू सरळ ऐकलं असतंस?" ती हसली. आम्ही दोघी रडत रडत हसलो. तिला वाटतं मी भांडकुदळ आहे. मला ती आवडायला लागली आहे.

गुरुवारी तू आत होतीस तेव्हा डॉक्टर बाहेर आले. मी कोण ते त्यांना ताईने सांगितलं असावं. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं असतं. बहुधा."

"बहुधा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चिकटलेलं खूप होतं. डावी मोकळी केली, छान आहे. रंग सोडून बघितला, आरपार गेला." त्यांनी माझ्याकडे न बघता पाण्याचा पेला पुढे केला. भला माणूस आहे. सेंटरला त्यांनी त्याच दिवशी कळवलंय. तुझा फोटो काढला त्या दिवशीच्या सगळ्या फिल्म्स पुन्हा तपासायला घेतल्या आहेत म्हणे. तुझ्यासारखी आणखी कोणी असेल, ती वाचो.

तुझा नवरा जिन्याशी उभा होता. तू नको म्हणाली होतीस म्हणून वर आला नाही, एवढं त्याने पाळलं. मला घरी नेताना विचारलं, "आता ती येईल ना, आई? तू एवढं केलंस." माझा मुलगा आहे, त्याच्यासाठी आतडं तुटतं. पण मला त्याला हो म्हणता येईना.

मग शुक्रवार. तू उशीला टेकून बसली होतीस. मी संत्रं सोलत होते. तू म्हणालीस, "काकू, मी त्या घरी परत नाही येणार."

सहा वर्षं मला आई म्हणायचीस. मी सोलत राहिले. फोडी मोजल्यासारख्या नीट लावत राहिले, कारण वर बघितलं असतं तर डोळे दिसले असते. तू पुढे म्हणालीस, "तुमच्यावर राग नाही. पण आई म्हटलं की त्या घराची होते मी." त्यावर मी "खा" एवढंच म्हणाले. पुरेसं नव्हतं. म्हणून हे पत्र.

वाईट वाटलं. रिक्षात बसून रडले, चालकाने विचारलं, "आजी, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही हो, बरी झाली." त्याला काही कळलं नाही, आणि मलाही घरी येईपर्यंत नीटसं कळलं नव्हतं.

आता कळलंय, ते लिहिते. त्या रविवारी मला छातीवर हात ठेवता येत नव्हता. आज येतो. तुझी डावी नळी तुझ्यापाशी राहिली. तिच्यातून उद्या कोणी येईल, न येईल. आलं तर कोणाचं नाव लावेल, कोणाच्या अंगणात धावेल, ते तू ठरवशील किंवा दुसरा कोणी भला माणूस तुझ्याबरोबर ठरवेल. ते माझं नातवंड नसेल. तरीही मी पुन्हा पालथी पडून आठवेन, पुन्हा दाराखालून पत्र सरकवेन. हे मी स्वतःला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

येत्या शुक्रवारी तुझे टाके काढायचे आहेत ना? ताईला कामावर जायचं असेल. मी येते. या वेळी बेल वाजवेन, आणि कोण आहे म्हणून आतून विचारलंस तर सांगेन, काकू.